सोलापूर: डिस्पोजलचा शक्तिमान ट्रक घेऊन उभा करायचाय, जाणकारांनी सांगावं

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो आज विचारायला आलो. तळे हिप्परग्याच्या पुढं मामेभावाच्या शेताला लागून एका खडीवाल्याची जागा आहे, तिथं एक शक्तिमान उभा आहे, मिलिटरीचा जुना, आधी खडी ओढली मग पाण्याचा टँकर केला आणि आता बोनेटवर कोंबड्या बसतात. खडीवाला वारला, पोरं म्हणतात भंगाराच्या भावात उचला. केबिन जागेवर आहे, पत्रा खालून खाल्लाय, टायर मेलेत, इंजिन फिरतं का माहीत नाही कारण बॅटऱ्या कुणीतरी नेल्या. मला धंद्याला नकोय. मूळ रूपात आणायचाय, १५ ऑगस्टला बाहेर काढायचा, बास. भाचा म्हणतो मामा ट्रक कशाला, मिलिटरीची जुनी जोंगा जीप घे. घरात अजून सांगितलेलं नाही. तर घ्यावा का, आणि घेतला तर आधी काय बघू?

कट्टा_गँग_१३
घ्या की अण्णा विचारलालाव काय!! गड्ड्याच्या जत्रेला घेऊन येऊ, मागं हौद्यात पन्नास पोरं बसतील

जुळे_सोलापूर_वहिनी
घरात सांगितलेलं नाही हे वाचून पुढचं सगळं कळलं. बाळीवेशीत स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तुम्ही ट्रक कुठं लावणार ते आधी लिहा.

बाळीवेसकर
वहिनी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं जुनं यंत्रमागाचं शेड रिकामं आहे. माग विकले, शेड राहिलंय. उंचीही बरी आहे.

ईएमई_काका
जय हिंद. मी ईएमईतून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून रिटायर, शक्तिमानवर हात काळे केलेत त्यामुळं चार गोष्टी सांगतो. जर्मनीच्या मॅन कंपनीची ही गाडी, मूळ मॉडेल ४१५ एल१ एआर. १९५८ ला करार झाला, १९५९ ला जबलपूरला पहिली गाडी बाहेर पडली आणि १९९६ पर्यंत बनत होती. युनिटात आम्ही थ्री टन म्हणायचो आणि निसानच्या छोट्या ट्रकला वन टन. नंतर लेलँडची स्टॅलियन आली, टाटाच्या आल्या, पण खड्ड्यातनं निघायचं म्हटलं की जुने ड्रायव्हर अजून शक्तिमानचंच नाव घेतात. गाडी साधी आहे, कॉम्प्युटर नाही सेन्सर नाही, जे बिघडतं ते डोळ्याला दिसतं.

आता महत्त्वाचं. इंजिन सुरू करायची घाई करू नका. बॅटरी आणली, सेल्फ मारला असं करणारे लोक रिंगा मोडून बसतात. वर्षानुवर्षं उभं इंजिन असेल तर आधी टाकी पूर्ण रिकामी करा, त्यात पाणी आणि गाळ असतोच. सगळे नोझल काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये इंजिन ऑइल आणि डिझेलचं मिश्रण सोडा आणि दोन-चार दिवस तसंच ठेवा, मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हातानं फिरवा. थोडं हललं की उलटं-सुलटं करत सोडवायचं, जोर नाही लावायचा. संपचं, म्हणजे इंजिनच्या तळातल्या टाकीचं ऑइल काढून बघा, दुधासारखं पांढरट निघालं तर पाणी आत गेलंय, तिथंच थांबा आणि हेड उतरवायची तयारी करा. फिरायला लागलं तरी पंप-नोझल कॅलिब्रेशन केल्याशिवाय चालू करायचं नाही. पंपाचा रॅक गंजून पूर्ण डिझेलवर अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच भरधाव पळतं आणि चावीनं बंद होत नाही, त्या वेळी एकच इलाज, हवा बंद करणं. म्हणून एअर क्लीनर काढून इनटेकवर दाबायला जाड सपाट फळी घेऊन एक माणूस उभा करायचाच. हाताचा पंजा नाही लावायचा, फळी.

डिझेल_नाना
काका बरोबर बोललालेत. माझं अक्कलकोट रोडलाच गॅरेज होतं आता पोरगा बघतो. एक वाढवतो, चाकाला हात लावायच्या आधी हवा सोडा. व्हॉल्व्हची पिनच काढून टाका म्हणजे थेंबभर हवा राहत नाही. चाकाच्या त्या डिस्कला टायर धरून ठेवणारी लॉक रिंग असते, गंजलेली असली आन टायरात हवा असली तर सुटताना ती रिंग माणसाचं डोकं घेऊन जाते, हे गंमत म्हणून सांगत न्हाय. हवा भरतानाही पिंजऱ्यात चाक ठेवूनच. पंक्चरवाला म्हणेल काय होत न्हाय मालक, त्याचं ऐकू नका.

नगरची_पोरगी
नानांच्या मुद्द्याला दुजोरा. जुन्या जीप आणि ब्रिटिश गाड्यांना दोन भागांची डिस्क येते, त्यात नटांचे दोन वेढे असतात, एक चाक हबला धरून ठेवतो आणि दुसरा डिस्कचे दोन भाग एकमेकांना. हवा असताना दुसरा वेढा सोडला की संपलं. ब्रिटिश सैन्यात म्हणूनच ते नट लाल रंगवायचे. आमच्या जीपचे पण आम्ही लाल केलेत, जुन्या गाड्यांच्या शोमध्ये लोक विचारतात हे काय फॅशन.

मी आणि बाबा मिळून जुनी विलीज जीप उभी केली आहे, अहिल्यानगरात. हौस असेल तर आधी एकदा इकडं येऊन कॅव्हलरी टँक म्युझियम बघून जा, १९९४ पासून आहे, आर्मर्ड कोअरचं, म्हणजे टँक दलाचं सेंटर इथंच असल्यामुळं. रोल्स रॉईसची चिलखती गाडी आहे, शर्मन आहे, सेंच्युरियन आहे, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन आहेत, आपला विजयंता आहे. रिवेट, बिजागऱ्या, झाकणांच्या कड्या, सगळं जवळून दिसतं. मूळ रूप म्हणजे काय ते फोटोवरून कळत नाही.

कट्टा_गँग_१३
ताई टँक विकत मिळतो का?? सीरियस विचारलालो. यूट्यूबवर तिकडचे लोक टँक घेऊन दूध आणायला जातात

नगरची_पोरगी
इकडं नाही मिळत रे. आपल्याकडं खासगी माणसाला टँक किंवा चिलखती गाडी घेता येत नाही. चौकात, शाळेत, कॉलेजात जे टँक दिसतात ते सैन्य निकामी करून शोभेला म्हणून संस्थांना देतं. २०१७ ला जेएनयूच्या कुलगुरूंनी कॅम्पसवर टँक मागितला होता तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. तू वाडिया हॉस्पिटलच्या बोळातनं टँक काढायची स्वप्नं सोड.

ब्रिटनमध्ये मात्र खरंच घेता येतो. तोफ कायमची निकामी केलेली पाहिजे, गाडीची नोंदणी पाहिजे आणि पट्ट्यावर चालणारं वाहन रस्त्यावर चालवायला लायसनवर एच नावाची वेगळी कॅटेगरी लागते. तिकडं हौशी लोकांची सुरुवात बहुतेक फेरेटपासून होते, डेमलर कंपनीची छोटी चार चाकी चिलखती गाडी, १९५२ ते १९७१ बनली, आपल्या सैन्यातही होती. रोल्स रॉईसचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन, आणि गंमत म्हणजे गिअर पाच पुढं आणि पाचही मागं, शत्रू दिसला की तोंड न फिरवता तेवढ्याच वेगानं पळायचं. पण डांबरी रस्त्यावर लांब चालवली की तिची ट्रान्समिशन पिळवटते कारण चारही चाकं कायम जोडलेली आणि मधे डिफरन्शियल नाही, म्हणून मालक लोक मधून मधून एक बाजू कच्च्यात उतरवतात, म्हणजे चाक घसरून पीळ सुटतो.

ईएमई_काका
हेच आपल्या गाड्यांना लागू आहे बरं का. शक्तिमान, जोंगा, विलीज, सगळ्यांत पुढचा ॲक्सल हवा तेव्हाच जोडायचा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर टाकून फिरणारे हौशी मी बघितलेत, मग ट्रान्सफर केसमधून, म्हणजे दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीतून आवाज येतो म्हणून गाडीला शिव्या देतात. चिखल, वाळू, नांगरलेलं रान, तिथंच टाकायचा.

एमएच१३_कागदवाला
मंडळी इंजिन, डिस्क सगळं नंतर. अण्णांनी कागदाचं एक अक्षर लिहिलेलं नाही आणि तुम्ही नोझल काढायला लागलात! मी आरटीओची कामं करतो म्हणून सांगतो, डिस्पोजलच्या गाडीत लोखंड स्वस्त असतं, किंमत कागदाची असते.

सैन्याची गाडी सैन्यात असते तेव्हा तिचा नंबर वेगळा, वर तोंड केलेला बाण, मग साल वगैरे. ती विकली की आरटीओत नव्यानं नोंद करावी लागते आणि त्याला मोटार वाहन नियमाप्रमाणं सैन्याच्या संबंधित अधिकाऱ्यानं दिलेला मूळ विक्री दाखला लागतो, नमुना २१. हा कागद नसेल आणि आधीची कुठली नोंदही नसेल तर ती गाडी रस्त्यावर येत नाही, मग तुम्ही तिच्यात सोन्याचं इंजिन बसवा. खडीवाल्यानं टँकर म्हणून चालवलीय म्हणजे कधीतरी आरसी झाली असण्याची शक्यता आहे. तेव्हा आरसी बुक शोधा, चेसिस नंबर प्रत्यक्ष घासून त्याच्याशी जुळवा, आणि नोंद वाहन पोर्टलवर चढलीय का बघा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांची नोंद बॅकलॉगमधून चढवावी लागते, ती चढलेली नसेल तर ते काम आधी.

बाळीवेसकर
रस्त्यावर नाहीच न्यायचा असं ठरवलं तर? शेतातच फिरवला, खासगी जागा आहे.

एमएच१३_कागदवाला
सगळे हेच विचारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ वाचा. नोंदणी नसलेलं वाहन ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवायचं नाही असंच लिहिलंय. शेडमध्ये उभी करून पुसत बसायला हरकत नाही, चालवायची म्हटली की प्रश्न येतो. आणि १५ ऑगस्टला बाहेर काढायची तर विमा पण हवा, नोंदणीशिवाय विमा कोण देणार.

लायसनचंही बघा. गाडीचं भरलेलं वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर चालतं, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते पक्कं केलं. शक्तिमान आरसीवर त्याच्या वर असणार असं धरून चाला म्हणजे तुम्हाला वरचं लायसन किंवा तसा ड्रायव्हर लागेल.

सातरस्ता_भाचा
मी तो भाचा 😀 मामा इथं येऊन माझं नाव घेतोय म्हणून आलो. माझं म्हणणं साधं आहे, ट्रक घेऊन जायचं कुठं? जोंगा घेतली तर घरच्यांना घेऊन नान्नज, अक्कलकोट, पंढरपूर कुठंही जाता येतं. त्यात डिझेल इंजिन टाकायचं, मोठे टायर, स्नॉर्केल, पुढं विंच, मॅट ऑलिव्ह ग्रीन. कडक.

ईएमई_काका
बाळा, तू एका ओळीत जोंगाचे हातपाय तोडलेस. जोंगा म्हणजे निसानची जुनी ‘पॅट्रोल’ मॉडेलची जीप, जबलपूरला १९६९ ते १९९९ बनली. ३९५६ सीसीचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन हाच तिचा जीव आहे, तो काढून ट्रॅक्टर-टेम्पोचं डिझेल टाकलं की उरतो तो पत्र्याचा डबा.

सातरस्ता_भाचा
काका मान आहे पण पेट्रोलचा भाव बघा. ज्यांच्याकडं मूळ इंजिन आहे ते सांगतात लिटरला पाचाच्या पुढं जात नाही. त्यातून पार्ट मिळत नाहीत. गाडी बंद पडून राहण्यापेक्षा डिझेलवर पळालेली काय वाईट? सगळ्यांनी म्युझियमच केलं तर चालवणार कोण.

नगरची_पोरगी
मी भाच्याच्या बाजूनं अर्धी. आमच्या विलीजमध्ये आम्ही ६ व्होल्टचं मूळ वायरिंग काढून १२ केलं, कारण ६ ची बॅटरी शोधायला जीव जातो आणि लाइट मेणबत्तीएवढा पडतो. पण जुनं सगळं वायरिंग, डायनामो, बल्ब खोक्यात लेबल लावून ठेवलंय. पुढच्या माणसाला परत बसवता आलं पाहिजे एवढीच माझी अट. चेसिसला वेल्डिंग करून इंजिनचं माउंटिंग हलवलं की परत येता येत नाही.

एमएच१३_कागदवाला
आणि कलम ५२. इंजिन बदल, बांधणीत बदल, आरटीओच्या परवानगीशिवाय नाही. पेट्रोलची गाडी डिझेलवर करून आरसीवर पेट्रोलच ठेवणारे खूप आहेत, अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच काढते.

आता भाच्याच्या मॅट ऑलिव्ह ग्रीनबद्दल. मोटार वाहन नियमांतला नियम १२१: संरक्षण खात्याच्या वाहनाशिवाय दुसऱ्या कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. अण्णा, हे तुम्हालाही.

बाळीवेसकर
काय सांगता! मग मूळ रूप कसलं? सोलापुरात माझ्या डोळ्यासमोर हिरव्या जिप्स्या फिरतात की.

एमएच१३_कागदवाला
फिरतात. सिग्नलही तोडतात लोक. नियम आहे तो सांगितला. रंग बदलला की आरसीवर नोंद बदलावी लागते, तिथं लिहून काय देणार? आणि बाण, तारे, फॉर्मेशनची म्हणजे सैन्याच्या तुकड्यांची चिन्हं, बाणवाला जुना नंबर, काही लावायचं नाही. मिलिटरीचा ड्रेस घालून गाडीत बसायची हौस असेल तर तीही सोडा. लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणं गुन्हा आहे.

ईएमई_काका
हे बरोबर आहे आणि असलंच पाहिजे. छावणीच्या गेटवर उभ्या असलेल्या जवानाला लांबून येणारी गाडी आपली का परकी एवढं रंगावरनं कळलं पाहिजे. हौस आपल्या जागी. अण्णा, वाळूचा रंग द्या, वाळवंटातल्या गाड्या तशाच असायच्या, किंवा सरळ करडा. गाडी ओळखणारा बोनेट बघून ओळखतो.

डिझेल_नाना
न्हायतर चादरीची नक्षी काढा, सोलापूरची गाडी लांबून ओळखू येईल.

टेक्सासचा_सोलापूरकर
वा, आपल्या गावाचा धागा बघून बरं वाटलं. मूळ भवानी पेठ, आता ह्यूस्टनजवळ. माझ्याकडं एम३५ए२ आहे, इकडं त्याला ड्यूस म्हणतात, अमेरिकी सैन्याचा अडीच टनी सिक्स बाय सिक्स ट्रक. ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल इंजिन, डिझेल, रॉकेल, जेट फ्युएल काहीही पितं. इकडं सरकारी लिलाव वेबसाइटवर होतात, गाडी बघायला जाता येतं, आणि कागदाचं म्हणाल तर एसएफ-९७ नावाचा सरकारी दाखला मिळतो, तो दाखवून राज्याकडून मालकीचं टायटल घ्यायचं. म्हणजे तुमच्या नमुना २१ चा भाऊच. तो नसलेला ट्रक इकडंही कुणी घेऊ नये असंच जुने लोक सांगतात, आणि काही राज्यं दाखला असूनही हमव्हीला, म्हणजे सैन्याच्या रुंद जीपला रस्त्यावर येऊ देत नाहीत.

दोन सूचना. माझ्या ट्रकला ब्रेकचं एकच सर्किट आहे, हवेनं हायड्रॉलिकला जोर देणारं, एक पाइप फुटला की सहाच्या सहा चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळं मी घेतल्या घेतल्या इंजिनला हात न लावता सगळ्या रबरी नळ्या, व्हील सिलेंडरची किटं, मास्टर सिलेंडर बदलले. चालू न होणारा ट्रक कुणाला मारत नाही, न थांबणारा मारतो. दुसरं, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, फुफ्फुसाला घातक, ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या मिलिटरी मीटरच्या काट्यांवर कधी कधी खऱ्या किरणोत्सारी रेडियमचा रंग असतो, काच फोडून खरवडत बसू नका.

डिझेल_नाना
आमच्या पिढीनं ती धूळ हवा मारूनच उडवली बाबा. आता पोराला सांगतो.

हिशोबनीस
मी कंपनीत अकाउंट्स बघतो, गाड्यांतलं कळत नाही, पण भंगाराच्या भावात मिळतोय म्हणून घेतो हे वाक्य मला नेहमी खटकतं. टायर, पंप-नोझल, ब्रेक, रेडिएटर, केबिनचा पत्रा, लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर उचलून आणणं, हे सगळं जोडलं तर ट्रकची किंमत त्यात कुठंच दिसणार नाही. थेट लिलावातनं का घेत नाहीत? चांगल्या स्थितीतली मिळेल ना?

ईएमई_काका
सैन्याच्या बाद गाड्यांचा लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतो. पण तिथं एकट्या माणसाला एक गाडी मिळेलच असं नाही, बऱ्याचदा लॉट असतो, चार-पाच गाड्या आणि सोबत भंगार, म्हणून मोठे व्यापारी घेतात आणि मग सुट्या विकतात. अनामत भरावी लागते, बोलीच्या वर कर लागतात, माल ‘आहे तिथं आहे तसा’, ठरलेल्या मुदतीत उचलायचा, नाहीतर भाडं. बघायला परवानगी मिळते पण इंजिन चालू करून कुणी दाखवत नाही. आणि शक्तिमान आता लिलावात कुठला यायला, तो सैन्यातून कधीच गेला. जिप्सी येतात.

एमएच१३_कागदवाला
लिलावातून घेणाऱ्यांनी अजून एक बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात मोडायच्या. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरात असलेल्या चिलखती आणि खास गाड्या त्यातून वगळल्यात. म्हणून लॉटच्या कागदावर गाडी ‘वापरासाठी’ विकलीय का ‘फक्त भंगार म्हणून’ हे वाचा. भंगार म्हणून विकलेली गाडी परत रस्त्यावर आणून देतो म्हणणारा दलाल भेटला तर उलट पावली घरी या.

सातरस्ता_भाचा
धोनीनं २०१९ ला जोंगा घेतली त्यानंतर तर भाव विचारू नका. ज्याच्या गोठ्यात अर्धी जोंगा पडलीय तो पण व्हिंटेज म्हणून लाखात बोलतो.

नगरची_पोरगी
व्हिंटेजचा पण नियम आहे, २०२१ चा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी. नंबरमध्ये ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. पण यात फक्त दुचाकी आणि माणसं नेणाऱ्या चारचाकी, म्हणजे एम१ वर्ग. ट्रक बसत नाही. अण्णांनी व्हिंटेजच्या आशेवर राहू नये.

विलीज म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचंही तसंच आहे. अर्ध्या महिंद्राच्या सीजे३बी असतात, पुढची जाळी बदलून विलीज केलेल्या. पुढं रेडिएटरच्या खाली चेसिसचा आडवा दांडा बघायचा, गोल पाइप असला तर विलीज एमबी, उलट्या यू आकाराचा पत्रा असला तर फोर्ड जीपीडब्ल्यू. फोर्डनं तर नट-बोल्टावर सुद्धा एफ उठवलाय. बाबा अजून रस्त्यात जीप दिसली की खाली वाकून बघतात, लोकांना वाटतं काहीतरी पडलं.

डिझेल_नाना
आता पार्टांचं बोलतो कारण सगळे म्हणलालेत पार्ट मिळत न्हाईत. सोलापुरात बसून असं म्हणायचं न्हाय. यंत्रमागाच्या पार्टांवर पिढ्या गेलेले लेथवाले अजून आहेत, त्यांना किंगपिनचा बुश, शॅकल पिन, वॉटर पंपाचा शाफ्ट, नमुना दिला की गनमेटलमध्ये सुताला सूत जुळवून देतात. मागाच्या पिन्या हजारोंनी काढलेले हात आहेत ते. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले फिटर आहेत, गिअरचा दात तुटला तर भरून परत कापणारे. स्प्रिंगचे पाटे तापवून कमान देणारे भट्टीवाले आहेत. कॅनव्हासचा हूड शिवायला ताडपत्रीवाले आहेतच, दुहेरी शिलाई आन पितळी डोळे लावून देतात, नमुन्याला जुना फाटका हूड तेवढा फेकू नका. मिळत न्हाय ते रबर. तेलाचे सील, डायफ्राम, दाराची बीडिंग. ते मापानं शोधायचं, गाडीच्या नावानं न्हाय. सीलवर आतला बाहेरचा व्यास आन जाडी मोजायची, बेअरिंगवर नंबर असतोच, दुकानात शक्तिमानचं द्या म्हणालं की तो न्हाय म्हणतो, माप सांगितलं की दहा मिनिटांत काढून देतो.

ईएमई_काका
नाना, हे सोन्यासारखं बोललात. आणि विजेचं सामान २४ व्होल्टचं आहे हे विसरू नका. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. एकाच बॅटरीवरनं १२ चा हॉर्न नाहीतर टेप चालवायचा शहाणपणा खूप जण करतात, त्यानं दोन्ही बॅटऱ्या कमी-जास्त होऊन मरतात. कन्व्हर्टर लावा.

जुळे_सोलापूर_वहिनी
टेपपर्यंत आलात म्हणजे ट्रक घेतला असं धरून चाललाय सगळे. अण्णा, घरी सांगितलं का?

बाळीवेसकर
सांगितलं. ती म्हणाली शेड तुमचं, वेळ तुमचा, पण दुकानाच्या गल्ल्याला हात लावायचा नाही आणि घरात काळं फडकं दिसायला नको. म्हणजे होकारच की.

आणि परवा हिप्परग्याला जाऊन आलो. लाकडी पेटीत आरसी बुक मिळालं, हातानं लिहिलेलं, एमएच-१३ चंच, खडीवाल्याच्या नावावर, पहिल्या पानावर सैन्याकडून घेतल्याची नोंद आहे. चेसिस नंबर डिझेल आणि तारेच्या ब्रशनं घासून काढला, शेवटचे दोन आकडे पुसट आहेत, बाकी जुळतात. संपचं ऑइल काढलं, काळं कुट्ट पण पांढरं नाही. खडीवाल्याला तीन मुलं, त्यातला मधला पुण्यात असतो आणि फोनवर म्हणाला माझी सही पाहिजे तर मलाही विचारायला पाहिजे होतं. आता?

एमएच१३_कागदवाला
बुक मिळालं ते उत्तम. आता क्रम असा ठेवा, मालक हयात नसल्यामुळं गाडी थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर, त्याला नमुना ३१, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या दोघांचं ना हरकत. मग त्या वारसाकडनं तुम्ही, नमुना २९ आणि ३०. बॅकलॉग चढलाय का ते मी नंबर दिलात तर बघून सांगतो, पण नंबर इथं जाहीर लिहू नका. व्यवसायाची गाडी म्हणून नोंद असेल तर कर थकलाय का, फिटनेस कधी संपलं, तेही बघावं लागेल, थकबाकी कोण भरणार ते आत्ताच कागदावर घ्या. पुण्याच्या भावाला नीट भेटून या. पुसट आकड्यांसाठी स्वतः पंच मारायचा विचारसुद्धा करू नका, तो सरळ गुन्हा होतो. आहे तसं तपासणीला दाखवायचं.

हिशोबनीस
आणि सगळ्या सह्या होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. थोडं बयाणा, पावती, बाकी नमुना ३१ झाल्यावर.

कट्टा_गँग_१३
अण्णा तोवर कोंबड्यांचं काय करायचं

डिझेल_नाना
कोंबड्या खडीवाल्याच्या पोरांच्या, त्या लिलावात न्हाईत. अण्णा, आणायच्या दिवशी मला फोन करा, टायर मेलेत म्हणजे ओढून आणायचं न्हाय, लोबेडच लागेल. स्टेअरिंग फिरतंय का आन हँडब्रेक अडकलाय का ते आधी जाऊन बघून येतो, ड्रम चिकटले असले तर तिथंच सोडवावे लागतील. चार लाकडी ठोकळे, चेन पुली आन दोन पोरं मी आणतो. पुण्यावाल्याची सही आली की सांगा.

बाळीवेसकर
नाना, रविवारी पुण्याला चाललोय. शेंगाचटणी घेऊन.